कहरव्याच्या आठ मात्रा आणि संगणक : वेळेवर निरोप कसा पाठवावा?

संगणक म्हटला की आपल्या वस्त्यांमधील बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर टंकलेखन, हिशेब, नोकरीचे अर्ज आणि अलीकडच्या काळात मुलांचे खेळ एवढ्याच गोष्टी येतात. संगणकावर ठेका धरता येतो, तालाचे गणित मांडता येते व त्यातून विचार करण्याची एक शिस्त लागते, ही गोष्ट अजून पुष्कळांना नवीन वाटेल. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच विषयाचा एक लहानसा पाठ विद्यार्थीमित्रांसमोर मांडत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर असून बँकेत लिपिक आहोत, अभियंते नाही. तेव्हा जे सांगायचे ते काउंटरवरच्या माणसाला समजेल अशाच भाषेत सांगू.

हा विषय निवडण्यास एक व्यावहारिक कारण आहे. जयंतीचा महिना जवळ आला की घाटकोपरच्या प्रत्येक वस्तीत गाण्याच्या तालमी सुरू होतात. गाणारी मुले-मुली असतात, पेटी वाजवणारा कोणीतरी मिळतो. अडते ते ढोलकीवर. ढोलकीवादक रात्रपाळीला असतो, किंवा त्याच दिवशी त्याला दोन ठिकाणची बोलावणी असतात. मग टाळ्या वाजवून तालीम होते, लय हळूहळू वाढत जाते, आणि कार्यक्रमाच्या दिवशी वादक येऊन बसला की अर्धे गाणारे एकीकडे व ठेका दुसरीकडे अशी गत होते. बाजारात तयार इलेक्ट्रॉनिक तबला मिळतो, परंतु तो विकत घेणे प्रत्येक गटाला परवडतेच असे नाही. शिवाय त्यात जे भरलेले असेल तेवढेच वाजते. आपल्याला हवा तसा ठेका आपणच तयार केला, तर तालीमही होईल आणि शिकणेही होईल.

थोडा इतिहास

काळाचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्यावर काय वाजावे हे लिहून ठेवणे ही गोष्ट आपल्या मुंबईला नवीन नाही. १८६० साली वाळकेश्वर येथे जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी जी लेखनपद्धती रूढ केली, तिच्यात समेसाठी फुलीची खूण, खालीसाठी शून्य आणि टाळ्यांसाठी आकडे आहेत. एका मात्रेत दोन किंवा अधिक स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली कंस काढतात. ही पद्धती म्हणजे कागदावर लिहिलेला वेळेचा हिशेबच होय.

संगणकाकडून संगीत करवून घेण्याचा आरंभ अमेरिकेत झाला. १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या 'म्युझिक' या प्रोग्रॅमने अवघी १७ सेकंदांची एक रचना वाजवली. पुढे १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत मिलर पकेट या गणितज्ञाने एक निराळी युक्ती काढली. ओळीमागून ओळ प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी पडद्यावर चौकटी काढायच्या आणि त्या तारांनी जोडायच्या. मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ या साधनास 'मॅक्स' असे नाव मिळाले. फिलिप मानूरी या संगीतकाराची पियानो व संगणक यांच्यासाठी रचलेली 'प्लुटॉन' ही १९८८ ची रचना या साधनाच्या पहिल्या मोठ्या उपयोगांपैकी एक आहे. मॅक्स १९९० साली बाजारात आले. पकेट यांनी त्यानंतर नव्याने मांडणी करून 'प्युअर डेटा' हे साधन तयार केले व १९९६ साली ते लोकांपुढे ठेवले. हे साधन विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता खुली आहे आणि ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. जुना, संथ संगणकही त्याला पुरतो. म्हणूनच आम्ही हा पाठ प्युअर डेटावर बेतला आहे.

आपल्या देशाशी या विषयाचा जवळचा संबंध आला तो 'बोल प्रोसेसर'मुळे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस लखनौच्या तबलावादनाचा अभ्यास करणारे जेम्स किपेन आणि संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी मिळून हा प्रोग्रॅम तयार केला. कायद्याचे नियम संगणकास सांगायचे, त्याने त्यातून नवे पलटे बनवायचे आणि ते बरोबर की चूक हे उस्तादांनी सांगायचे, अशी ती पद्धत होती. बेल यांनी त्याच दशकात मुंबईत नरिमन पॉइंट येथील एनसीपीएमध्ये गायनातील स्वरांच्या हालचालींचे आलेख काढण्याचे कामही केले. यंत्राने करून दाखवावे व जाणत्याने निवाडा द्यावा, ही त्यांची कामाची रीत आपणही ध्यानात ठेवावी.

पाटी, चौकट, तार आणि निरोप

प्युअर डेटा उघडल्यावर एक कोरी पाटी मिळते. तिच्यावर आपण चौकटी मांडतो. प्रत्येक चौकटीत एका कामाचे नाव असते. चौकटीच्या वरच्या कडेला आत येण्याची तोंडे असतात व खालच्या कडेला बाहेर जाण्याची. एका चौकटीच्या खालच्या तोंडापासून दुसरीच्या वरच्या तोंडापर्यंत तार ओढली की त्या तारेतून निरोप जातो. निरोप म्हणजे एखादा आकडा, एखादा शब्द किंवा नुसता 'बँग'. बँग म्हणजे "आता कर" एवढाच अर्थ असलेला टोला. चौकटींची नावे संगणकात रोमन लिपीत टंकावी लागतात. येथे ती देवनागरीत दिली आहेत.

एक नियम आरंभीच पाठ करावा. चौकटीचे सर्वांत डावीकडचे वरचे तोंड 'गरम' असते व उरलेली 'थंड'. गरम तोंडात निरोप आला की चौकट ताबडतोब काम करते. थंड तोंडात आला की तो नुसता लक्षात ठेवते व गप्प बसते. बँकेत टेबलावर व्हाउचर येऊन पडणे वेगळे आणि साहेबांनी "पास" म्हणणे वेगळे, तसेच हे आहे.

पहिला धडा : मेट्रो

घाटकोपरच्या वाचकांना मेट्रो म्हटले की २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर गाडी आठवेल. प्युअर डेटातील 'मेट्रो' हे मात्र मेट्रोनोम या लयदर्शक यंत्राचे लघुरूप आहे. काम मात्र गाडीसारखेच : ठरावीक अंतराने एकेक फेरी सोडणे. 'मेट्रो ५००' अशी चौकट काढून तिला १ हा निरोप दिला की ती लगेच पहिला बँग देते व नंतर दर ५०० मिलिसेकंदांनी एकेक बँग देत राहते. ० दिला की थांबते.

आता लयीचे गणित. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात. मिनिटाला १२० मात्रा हव्या असतील तर ६०,००० भागिले १२०, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची एक मात्रा. मिनिटाला ८० मात्रांची संथ लय हवी असेल तर ७५० मिलिसेकंद. दुगुन हवी असेल तर अंतर निम्मे करायचे, एवढेच.

नुसत्या टोल्यांनी ताल होत नाही. कितवी मात्रा चालू आहे हे मोजावे लागते. त्यासाठी आकडा सांभाळणारी 'एफ' चौकट घ्यावी. मेट्रोचा बँग तिच्या गरम तोंडात येतो, ती जवळचा आकडा बाहेर देते. तो आकडा 'अधिक १' या चौकटीतून, मग 'मॉड ८' या चौकटीतून नेऊन पुन्हा 'एफ'च्या थंड तोंडात सोडावा. मॉड ८ म्हणजे आठाने भागून उरलेली बाकी. त्यामुळे आकडे ०, १, २ असे ७ पर्यंत जातात व परत ० वर येतात. हे झाले आठ मात्रांचे आवर्तन. ० ही सम. संगणक शून्यापासून मोजतो हे विसरू नये. आपली दुसरी मात्रा म्हणजे त्याचा १.

पुढे 'सिलेक्ट' ही चौकट घ्यावी व तिला ० ते ७ हे आकडे द्यावेत. जो आकडा आत येईल त्या क्रमांकाच्या तोंडातून ती बँग सोडते. टोकन क्रमांक पुकारला की त्याच क्रमांकाचा माणूस उठतो, तसे. या आठ तोंडांना कहरव्याचे बोल जोडावेत : धा गे ना ति । न क धि न. पाचव्या मात्रेवर खाली आहे, तेथे डग्गा घुमत नाही. तेव्हा तो आवाज हलका ठेवावा.

क्रमाचा प्रश्न

येथपर्यंत विद्यार्थी पटकन येतात. खरी परीक्षा पुढे आहे. एकाच क्षणी दोन निरोप दोन ठिकाणी जायचे असतील, तर आधी कोणता जातो?

बँकेतील उदाहरण घ्या. एका खात्यात ५०० रुपये आहेत. आज त्यात ५,००० रुपये भरले गेले व आजच ४,००० रुपयांचा धनादेश वटण्यासाठी आला. तारीख एकच आहे. परंतु भरणा आधी नोंदला तर धनादेश वटतो. धनादेश आधी नोंदला तर परत जातो. तारीख सारखी असूनही क्रमावर माणसाची अब्रू अवलंबून असते. संगणकातील एका क्षणाचेही असेच आहे.

प्युअर डेटात एका तोंडातून दोन तारा निघाल्या, तर ज्या क्रमाने त्या जोडल्या त्या क्रमाने निरोप जातात. पडद्यावर पाहून हा क्रम ओळखता येत नाही. आज जोडलेली तार उद्या काढून पुन्हा लावली तर क्रम बदलतो आणि पाटी मात्र तशीच दिसते. यावर उपाय म्हणजे 'ट्रिगर' ही चौकट. तिला जितकी तोंडे हवीत तितकी मागावीत. आलेला निरोप ती उजवीकडून डावीकडे, एकामागून एक पाठवते. शिवाय उजवीकडच्या निरोपाचे सर्व परिणाम शेवटपर्यंत पूर्ण झाल्यावरच ती पुढच्या तोंडाकडे वळते. या सर्व गोष्टी होत असताना संगणकाच्या हिशेबी घड्याळात मिलिसेकंदाचा अंशही पुढे सरकत नाही. वेळ एकच, क्रम मात्र पक्का.

हे लयीच्या चौकटीवर करून पाहावे. लय बदलण्यासाठी आपल्याला ६०,००० भागिले लय असा भागाकार हवा आहे. भागाकाराच्या चौकटीत ६०,००० गरम तोंडात यायचे आहेत व लय थंड तोंडात. म्हणजे लय आधी पोचली पाहिजे. लयीचा आकडा ट्रिगरमध्ये आणून उजव्या तोंडातून आकडाच भागाकाराच्या थंड तोंडाकडे पाठवावा आणि डाव्या तोंडातून बँग काढून '६००००' लिहिलेल्या निरोपाच्या चौकटीला द्यावा. उत्तर मेट्रोच्या उजव्या तोंडात जाईल. क्रम उलटा झाला तर भागाकार जुन्या लयीने होईल : आपण १०० लिहू तेव्हा मागची १२० चालेल, नंतर ९० लिहू तेव्हा १०० चालेल. यंत्र बिघडले असे वाटेल, पण यंत्र बिघडलेले नसते. त्याला क्रम सांगितलेला नसतो.

दुसरा धडा : डिले आणि पाइप

मेट्रो नियमित फेरीसाठी आहे. एकच निरोप थोड्या वेळाने पाठवायचा असेल तर 'डिले' घ्यावा. 'डिले २५०' ला बँग दिला की २५० मिलिसेकंदांनी तो एक बँग बाहेर सोडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हे बरोबर अर्ध्या मात्रेचे अंतर आहे. म्हणजे 'गे' या बोलाच्या जागी एकाच मात्रेत 'गे गे' असे दोन आघात हवे असतील, तर सिलेक्टच्या त्या तोंडातून एक तार थेट आवाजाकडे व दुसरी डिलेमधून त्याच आवाजाकडे न्यावी.

डिलेचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा. पहिला बँग अजून आत थांबलेला असताना दुसरा आला, तर तो पहिल्याला रद्द करतो व मोजणी नव्याने सुरू करतो. ग्राहकाने दिलेली जुनी सूचना रद्द करून नवी दिली, तर बँक नवीच पाळते, तसे हे. 'पाइप' या चौकटीचा स्वभाव उलट आहे. तिच्याकडे पुढील तारखांचे धनादेश एकामागून एक कितीही टाका, ती सर्व सांभाळते व प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळी बाहेर सोडते. 'क्लिअर' म्हटले तरच सर्व टाकून देते. झटपट एकामागून एक येणारे आघात पुढे ढकलायचे असतील तर तेथे पाइपच हवा. डिले लावला तर मधले आघात गिळले जातील व फक्त शेवटचा उरेल.

तिसरा धडा : क्यूलिस्ट आणि तिहाई

आवर्तन सारखेच फिरत राहिले की गाणाऱ्याला कंटाळा येतो. कडव्याच्या शेवटी वादक तिहाई घेतो आणि सर्वजण समेवर एकत्र येतात. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा आघात समेवर आणणे. ती संगणकाकडून कशी करवून घ्यावी?

पाच आघातांचा तुकडा घेऊ : ति ट क त धा. तीनदा वाजवला की १५ आघात. प्रत्येक आघात अर्ध्या मात्रेचा धरला तर आठ मात्रांत १६ जागा होतात व पुढची सम १७ वी जागा होय. पंधरावा आघात १७ व्या जागेवर हवा असेल तर पहिला आघात तिसऱ्या जागेवर, म्हणजे दुसऱ्या मात्रेच्या आरंभी पडला पाहिजे. पडताळा असा : सम ते दुसरी मात्रा ५०० मिलिसेकंद, तेथून १४ अंतरे गुणिले २५० म्हणजे ३,५००, एकूण ४,००० मिलिसेकंद. आठ मात्रा गुणिले ५०० हेही ४,०००. हिशेब जुळला.

अशी यादी ठेवण्यासाठी 'क्यूलिस्ट' ही चौकट आहे. बँकेतील स्थायी सूचनांच्या वहीसारखी ती वही आहे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळ अशी लिहावी : आधी किती मिलिसेकंद थांबायचे तो आकडा, मग निरोप कोणाला द्यायचा त्याचे नाव, मग निरोप व शेवटी अर्धविराम. आपली तिहाई अशी सुरू होईल :

० ति बँग ;
२५० ट बँग ;
२५० क बँग ;
२५० त बँग ;
२५० धा बँग ;
२५० ति बँग ;

याप्रमाणे पुढे. फाइलमध्ये ही नावे रोमन लिपीत असावीत व प्रत्येकाचे नाव वेगळे ठेवावे. ज्या आवाजाला हा निरोप मिळायचा, त्याच्या डोक्यावर त्याच नावाची 'रिसीव्ह' चौकट लावावी. येथील आकडा मागच्या ओळीपासून मोजायचा आहे, आरंभापासून नव्हे. त्यामुळे मधल्या एका ओळीत २५० ऐवजी २६० पडले तर पुढच्या सर्व ओळी १० मिलिसेकंदांनी मागे सरकतात. चालू शिल्लक एका जागी चुकली की खालचे सारे रकाने चुकतात, त्याप्रमाणे.

आता ठेका व तिहाई यांची गाठ घालू. तिहाई चालू असताना ठेका गप्प बसला पाहिजे आणि समेवर परत आला पाहिजे. त्यासाठी 'स्पिगॉट' नावाचे फाटक आहे. उजव्या तोंडात १ दिला की ते उघडते व ० दिला की बंद होते. मोजणीचा आकडा तीन तोंडांच्या ट्रिगरमध्ये आणावा. सर्वांत उजवे तोंड मोजणी पुढे नेईल. मधले तोंड पाहील की आता दुसरी मात्रा आहे काय व आपण तिहाई मागितली आहे काय. मागितली असेल तर ते आधी ठेक्याचे फाटक बंद करील, मग आपली मागणी रद्द करील व शेवटी क्यूलिस्टला बँग देईल; हा क्रमही दुसऱ्या ट्रिगरने बांधावा. डावे तोंड सर्वांत शेवटी आकडा ठेक्याच्या फाटकाकडे नेईल, तोवर ते बंद झालेले असेल. हाच क्रम उलटा केला तर दुसऱ्या मात्रेचा 'गे' निसटून तिहाईच्या पहिल्या आघातावर आदळेल.

शेवटच्या आघाताबाबत एक खुबी आहे. पंधरावा 'धा' यादीत लिहूच नये. यादीत चौदाच आघात ठेवावेत. यादी संपली की क्यूलिस्टच्या उजव्या तोंडातून बँग निघतो; त्याने ठेक्याचे फाटक उघडावे. हे घडते समेच्या २५० मिलिसेकंद आधी, आठवी मात्रा होऊन गेल्यावर. मग समेवरचा 'धा' ठेकाच वाजवतो व तोच तिहाईचा पंधरावा आघात ठरतो. दोन 'धा' एकमेकांवर पडत नाहीत आणि ठेकाही चुकत नाही.

लय बदलली तर ही यादी पुन्हा लिहावी लागत नाही. क्यूलिस्टला 'टेम्पो' हा निरोप देता येतो. १२० च्या लयीसाठी टेम्पो १ धरला तर ९० साठी ९० भागिले १२०, म्हणजे ०.७५. मात्र तिहाई चालू असताना लय बदलू नये. क्यूलिस्ट नवी गती लगेच धरते व मेट्रो पुढच्या टोल्यापासून. मग दोघांची सम वेगवेगळी पडते.

आवाजाविषयी

बोलांचे आवाज कोठून आणायचे? आपल्याच वादकाला विनंती करून धा, गे, ना, ति, क, धि इत्यादी एकेक आघात स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावेत. 'साउंडफायलर' या चौकटीने ती फाइल एका तक्त्यात भरता येते व 'टॅबप्ले' ही चौकट बँग मिळताच तो तक्ता वाजवते. ध्वनीच्या चौकटींच्या नावापुढे ~ अशी नागमोडी खूण असते, ती विसरू नये. वादकाची परवानगी घ्यावी, आणि पाटीवर त्याचे नाव लिहावे. हात त्याचा आहे.

संगणक ध्वनीची गणना एकेका नमुन्याने न करता ६४ नमुन्यांच्या गठ्ठ्याने करतो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक गठ्ठा सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे निरोपाची वेळ कितीही अचूक असली तरी आघात गठ्ठ्याच्या सीमेवर पडतो. ठेक्याच्या सरावास एवढ्याने काही फरक पडत नाही. ज्यांना याहून काटेकोर चढउतार हवा असेल त्यांनी 'व्हीलाइन' ही चौकट अभ्यासावी. ती गठ्ठ्याच्या आतही वेळ पाळते. आपल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, तेव्हा रात्री हेडफोन लावूनच सराव करावा हेही सांगून ठेवतो.

यंत्र कोठे थांबते?

हा पाठ वाचून कोणाच्या मनात येईल की, आता ढोलकीवाल्याची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर विषयातच आहे. मेट्रो घड्याळाकडे पाहतो. गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. गाणारी मुलगी एखाद्या शब्दावर थांबली, श्रोत्यांनी टाळ्या दिल्या म्हणून ओळ पुन्हा घेतली, तर वादक ठेका सांभाळून तिची वाट पाहतो. मेट्रो आपल्या ५०० मिलिसेकंदांनी निघून जातो.

हे यंत्र घडवणाऱ्यांनाही या गोष्टीची जाणीव होती. 'प्लुटॉन' या रचनेत संगणकाने आपल्या चालीने पुढे न जाता पियानोवादक कोठे आला आहे हे ऐकून त्याच्यामागून जावे असा प्रयत्न केला गेला. आपल्या क्यूलिस्टमध्येही 'नेक्स्ट' हा निरोप आहे. तो दिल्यास यादी घड्याळाची वाट न पाहता एक टप्पा पुढे जाऊन थांबते. पुढचा टप्पा केव्हा, हे माणसाच्या बोटावर असते. कडवे संपल्यावर कळ दाबा, तेव्हाच पुढचा भाग सुरू होईल. तालमीसाठी मेट्रो वापरावा, गाणाऱ्याच्या सोबतीसाठी नेक्स्ट वापरावा, आणि मंचावर वादकच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची बिदागी वाचवण्यासाठी ही युक्ती कोणी वापरू नये. मुले ठेक्यात पक्की होऊन आली तर सर्वाधिक आनंद त्यालाच होईल.

विद्यार्थ्यांसाठी सराव

१) मेट्रो, मोजणी व सिलेक्ट यांच्या साहाय्याने कहरवा वाजवा. लय ६०, ८० व १२० ठेवून प्रत्येक वेळचे मिलिसेकंद आधी वहीत काढा, मग संगणकाशी ताडून पाहा.

२) तोच पट सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी बदला. कोणते दोन आकडे व किती तारा बदलाव्या लागतात ते लिहा.

३) लयीच्या भागाकारातील ट्रिगरच्या दोन्ही तारा मुद्दाम उलट जोडा. काय घडते ते ऐका व कारण एका वाक्यात लिहा.

४) चार आघातांच्या तुकड्याची तिहाई कहरव्यात कोणत्या जागेवरून सुरू करावी, हे वरील रीतीने काढा. उत्तर सहावी जागा, म्हणजे तिसऱ्या मात्रेचा उत्तरार्ध, असे यायला हवे. तसे का, आणि अर्ध्या मात्रेवरून आरंभ करण्यासाठी डिले कोठे लावावा, याचा विचार करा.

चौथा प्रश्न दोघातिघांनी एकत्र बसून सोडवावा. एकाने हाताने टाळी धरावी, दुसऱ्याने बोल म्हणावेत व तिसऱ्याने मोजावे. टाळीवर हिशेब जुळला की मगच संगणक उघडावा. आमचा अनुभव असा की, जे टाळीवर जुळते ते पाटीवर लवकर जुळते. आणि जे टाळीवर जुळत नाही, ते कितीही तारा जोडल्या तरी जुळत नाही.